रिसॉर्टचा जुना तलाव आणि आमची खालची वाडी

खालचीवाडी:
गुहागर तालुक्यात आमच्या वाडीच्या डोक्यावर एका रिसॉर्टचा खासगी बंधारा आहे. मातीचा, साधारण ८ मीटर उंच, तीसेक वर्षांपूर्वी बोटिंगसाठी घातलेला. मधे जागा दोनदा विकली गेली, मूळ नकाशा कुणाकडेच नाही. भरावावर आकेशिया माजलाय. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, जाळी ठोकलीय. गेल्या आषाढात तिच्यात पाला आणि फणसाची एक फांदी अडकली, आणि पाणी माथ्याखाली वीतभर राहिलं. आम्ही पाच जणांनी रात्री पावसात कोयत्याने जाळी तोडली. माझं स्पष्ट मत: हा बंधारा काढून टाका. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली. गळतीची तक्रार तिथल्या लोकांनी आधीच केली होती.

माडबाग:
दादा, काढून टाका म्हणू नका हो. त्या पाण्याच्या पाझरावर माझी विहीर मे महिन्यातही तग धरते, सुपारी जगते. बंधारा नव्हता तेव्हा शिमग्यालाच तळ दिसायचा. डागडुजी करा.

रिसॉर्टवर कामाला:
सगळं मालकाच्याच गळ्यात का? पाणी गाव वापरतं, गणपती तिथेच विसर्जन होतात. खर्चात ग्रामपंचायतीनेही वाटा उचलावा.

खालचीवाडी:
विसर्जन करतो, खरं आहे. पण बोटीच्या तिकिटाचे पैसे गावाला येत नाहीत, आणि बंधारा फुटला तर आधी आमची घरं जातील.

जुना ओव्हरसियर:
पैशाचं नंतर बघा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, १० ते १५ मीटरमधल्या काहींना. ८ मीटरचा बंधारा त्यात बसतच नाही, त्यामुळे त्या कायद्याने कुणी तपासायला येणार नाही. मातीच्या भरावावरून पाणी गेलं की तो काही तासांत कापला जातो, म्हणून जाळी आजच काढा आणि सांडवा मीटरभर खाली उतरवा. झाडं नुसती तोडू नका, मुळं कुजली की भरावात नळ्या तयार होतात. आणि पायथ्याशी झिरपणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतून माती निघतेय.

खालचीवाडी:
आज सकाळी धरलं. अर्ध्या तासात ग्लासाच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी तांबडी माती बसली.

जुना ओव्हरसियर:
मग सांडव्याची वाट बघू नका. विमोचक, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडून पाणी उतरवा, पण रोज वीतभरच. एकदम उतरवलंत तर आतला ओला उतार घसरेल. आणि तहसीलदारांना आजच लेखी द्या.

माडबाग:
सोडा पाणी, माझी हरकत नाही. पण मे महिन्यात वाडीला टँकर रिसॉर्टच्या खर्चाने येईल, हे झडप उघडायच्या आधी लिहून घ्या. बंधारा काढायला मात्र माझा अजूनही विरोध आहे.