'गिव्ह अप': दोन गावांत बसून केलेली गाणी एकजीव होतात का?

तापीकाठ (जळगाव)

परवा रात्री द पोस्टल सर्व्हिस या अमेरिकन बँडचा 'गिव्ह अप' हा अल्बम पुन्हा सलग ऐकला. दहा गाणी, पाऊण तास. मागच्या आठवड्यात आपल्यातल्याच एकाने "रिंगटोनवर रडणारा पोरगा" असं त्याचं वर्णन केलं होतं. ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसला सिंथ आणि संगणकावर ठेके-चाली रचायचा आणि त्या पोस्टाने सिअ‍ॅटलला बेन गिबर्डकडे पाठवायचा. गिबर्ड त्यात कापाकापी करून, शब्द आणि आवाज घालून परत पाठवायचा. बँडचं नाव तिथूनच आलं. फेब्रुवारी २००३ मध्ये सब पॉप या रेकॉर्ड कंपनीने हा अल्बम काढला. यांचा पहिला अल्बम, आणि त्यानंतर दुसरा कधी आलाच नाही.

माझं म्हणणं असं की या अल्बममध्ये अंतर ऐकू येतं आणि तेच त्याचं खरं बळ आहे. पहिल्याच गाण्यात एक माणूस सोडून गेलेल्या मुलीच्या शहरात येतो. हातात तिच्या दाराची चावी आहे, पण विचारणाऱ्याला सांगावं लागतं की मी इथला नाही, पाहुणा आहे. हे ज्याच्या घरातलं कुणी सुरतेला किंवा पुण्याला आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. खान्देशात असं घर शोधून सापडायचं नाही.

२०११ साली माझा मित्र सुरतेतल्या उधन्याला लूमवर कामाला लागला. सुट्टीवर आला की आम्ही जळगाव-चोपडा एसटीत एकच इअरफोन वाटून घ्यायचो, डावा त्याच्या कानात, उजवा माझ्या. 'सच ग्रेट हाइट्स'च्या सुरुवातीला ते टिकटिक सूर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे उमटतात. तो एका सुरावर मान हलवायचा तेव्हा माझ्या कानात नुसती फट असायची. मला वाटायचं फोन बिघडला. तापीचा पूल ओलांडल्यावर आम्ही कान बदलून पाहिले, तेव्हा कळलं की गाण्याचा अर्धा भाग इतके दिवस त्याच्याकडेच होता.

ज्यांना हा अल्बम थंड वाटतो त्यांनी बाजू मांडावी. मला खरंच ऐकायचंय.

ऑक्टापॅडवाला (शहादा)

भाऊ, "थंड" म्हणणारा मीच. बाजू मांडतो.

मी बारा वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ऑक्टापॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवतोय. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, सगळीकडे. त्यामुळे मशीनचा आवाज मला परका नाही, माझं पोटच त्यावर आहे. कीबोर्ड आणि पॅडवर आमच्याकडे रात्र रात्र टिमलीचा नाच चालतो. पण टिमली वाजवताना माझी नजर पायांवर असते. गोल फिरणारी पोरं दमायला लागली की मी ठेका केसभर मागे ओढतो. नवीन टोळी आत घुसली की केसभर पुढे ढकलतो. कुणाला कळत नाही, पण पायांना कळतं.

'गिव्ह अप'मध्ये पाय बघणारं कुणी नाही. ठेका आधी कागदात गुंडाळून पाकिटात गेला आणि गाणारा नंतर त्यावर येऊन बसला. गाणाऱ्याचा श्वास लांबला तरी ठेका थांबत नाही, कारण तो आधीच ठरलाय. 'ब्रँड न्यू कॉलनी'च्या सुरुवातीचा तो व्हिडिओ गेमसारखा आवाज ऐका. गोड आहे, पण पहिल्या मिनिटाला जसा तसाच शेवटी.

दुसरं म्हणजे आवाज. गिबर्ड दुःख सांगतो आणि वाण्याची यादी सांगतो, दोन्ही एकाच पट्टीत. आमच्याकडे कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री बाया गातात तेव्हा त्यांचा गळा फाटतो, सूर सुटतो, पण माणूस हलतो. इथे सूर कधीच सुटत नाही.

आरएमएसवाल्याची लेक (भुसावळ)

माझे वडील इथे आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या डाकसेवेत होते, रात्रपाळीत डाक छाटायचे. त्यामुळे या अल्बमचा पोस्टाचा भाग माझ्या जवळचा आहे.

दादा, तुम्ही म्हणता गाणारा "नंतर येऊन बसला". पण पोस्टाने आलेल्या वस्तूला उत्तर देताना माणूस काय करतो? पाकीट येतं, आपण ते दहादा उघडतो, घडी करतो, पुन्हा उघडतो. उत्तर लिहायला घेतो तोवर समोरच्याचं वाक्य न् वाक्य पाठ झालेलं असतं. समोर बसून बोलताना तेवढी सवड मिळत नाही. गिबर्डने ते ठेके किती वेळा ऐकले असतील याचा विचार करा. शिवाय तो नुसता बसला नाही, त्याने ते कापले, जोडले. 'द डिस्ट्रिक्ट स्लीप्स अलोन टुनाइट' सावकाश सुरू होतं आणि शेवटाकडे ठेका एकदम दाट होतो, नेमकं तिथे, जिथे तो स्वतःलाच उपरा म्हणवून घेतो. ठेका आणि शब्द एकमेकांना न भेटता असं जुळत नाही.

"रडणारा पोरगा" हे तर मला मुळीच पटलं नाही. 'नथिंग बेटर' ऐका. तो तिला थांबायला सांगतो, लग्नाच्या गोष्टी करतो. मग जेन वुडचा आवाज येतो आणि ती सांगते की मी तक्ते आणि आलेख काढून आणलेत, का निघतेय ते मुद्देसूद दाखवते. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबासारखं आहे ते. बाईला उत्तर आहे, आणि तिचं उत्तर त्याच्या विनवणीपेक्षा पक्कं आहे. बाईला निव्वळ सोडून जाणारी म्हणून ठेवणारी विरहगाणी आपण आयुष्यभर ऐकली. या अल्बमने तिला अर्धं गाणं दिलं, म्हणून तो मला प्रिय आहे.

जाता जाता एक. अमेरिकेच्या टपाल खात्याने नावावरून यांना कायदेशीर नोटीस पाठवली होती. पुढे तडजोड झाली. नाव ठेवा, पण टपालाचा प्रचार करा. खात्याने यांची सीडी स्वतःच्या वेबसाइटवर विकली, आणि २००४ मध्ये यांनी खात्याच्या बड्या अधिकाऱ्यांच्या परिषदेत गाणीही वाजवली. माझ्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ खूश होते. २०२५ मध्ये आपल्याकडचं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळालं, त्या दिवशी त्यांनी हीच गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली.

शिरपूरना पोऱ्या

माले हाई पटनं नही भो. शब्द समजतस तव्हळच गाणं लागस. चाल चांगली शे, पन तेवढावर अल्बम मोठा व्हत नही.

पांझराकाठ (धुळे)

मला अल्बम आवडतो, पण इथे त्याला जेवढं मोठं केलं जातंय तेवढा तो नाही.

पहिली चार गाणी भक्कम आहेत. तिथून पुढे उतार. 'रिसायकल्ड एअर' आणि 'क्लार्क गेबल' कानावरून निघून जातात. 'वी विल बिकम सिल्हूट्स' अपवाद: अणुबॉम्बनंतरचं जग आणि चाल सहलीला निघाल्यासारखी, ती विसंगती अंगावर येते. शेवटचं 'नॅचरल अँथम' म्हणजे कितीतरी वेळ नुसता गोंगाट आणि गाणं अगदी टोकाला. प्रयोग म्हणून ठीक, पण अल्बम असा संपवू नये.

आता मुख्य मुद्दा. दुसरा अल्बम आला नाही म्हणून पहिल्याभोवती वलय तयार झालं. हळूहळू, तोंडी प्रसिद्धीवर तो अमेरिकेत दहा लाखांच्या वर गेला. सब पॉपचा निर्वाणा या बँडच्या 'ब्लीच'नंतरचा सर्वांत खपाऊ अल्बम. २०१३ मध्ये दहा वर्षं झाली म्हणून पुन्हा काढला, त्यात दोन नवी गाणी घातली. ती ऐका आणि प्रामाणिकपणे सांगा, जुन्या दहात बसतात का? माझ्या मते सांगण्यासारखं जे होतं ते २००३ लाच संपलं होतं.

आणि अंतराचंच म्हणाल तर त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, गिबर्डच्या मूळ बँडचा, डेथ कॅब फॉर क्यूटीचा 'ट्रान्सअटलांटिसिझम' आला. तोही दूर असलेल्या माणसाबद्दलच. पण तो एकत्र बसून वाजवणाऱ्या बँडचा आहे, त्यात खरे ड्रम हळूहळू चढत जातात आणि छातीवर बसतात. अंतर दाखवायला दूर बसूनच काम करावं लागतं हे मला मान्य नाही. ऑक्टापॅडवाले भाऊ, तो ऐकून बघा, तुम्हाला हवा असलेला श्वास तिथे आहे.

तापीकाठ (जळगाव)

धुळेकर, 'रिसायकल्ड एअर'बद्दल मी भांडणार नाही, तिथे माझंही लक्ष उडतं. दोन नवी गाणी मलाही कमी पडतात. पण पहिल्या अल्बमचं वजन पुढच्या गाण्यांवरून का मोजायचं? माझ्या मित्राला आणि मला त्या वेळी हे एवढंच माहीत होतं, फोनमध्ये दहा गाणी होती आणि ती पुरली.

'ट्रान्सअटलांटिसिझम' थोर आहेच. पण त्यातलं अंतर गाणारा आपल्याला सांगतो. 'गिव्ह अप'मध्ये ते करणाऱ्या दोघांमध्येच होतं. माझ्यासाठी हा फरक लहान नाही.

शिरपूरच्या भाऊ, शब्द समजले नाहीत तर मी पहिल्या गाण्याचा अर्थ अहिराणीत लिहून टाकतो. रविवारपर्यंत वेळ द्या.

ऑक्टापॅडवाला (शहादा)

ताईंनी 'डिस्ट्रिक्ट'च्या शेवटच्या ठेक्याचं लिहिलं म्हणून काल दुपारी पॅड काढला आणि हेडफोन लावून तेवढाच भाग वाजवायला बसलो. बारीक टिपऱ्यांचा थर दोन काड्यांनी एकट्याला निघत नाही. खालचा धरला की वरचा सुटतो. चार वेळा केलं. मग कीबोर्डवाल्याला बोलावलं, वरचा थर त्याला दिला, खालचा मी धरला.

माझं मत बदललेलं नाही. पाय न बघता वाजवलेला ठेका मला अजून अर्धाच वाटतो. पण तो भाग वाजवताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, आणि तिथे मी नकळत ठेका केसभर पुढे ढकलला. मूळ गाण्यात तो ढकललेला नाही. तसा जास्त चांगला लागला, हे मी ठामपणे सांगतो.

तापीकाठ, त्या 'सच ग्रेट हाइट्स'च्या डाव्या-उजव्या सुरांतले कुठले कुठल्या बाजूला पडतात ते लिहून पाठवाल का? माझ्या हेडफोनची उजवी बाजू गेलीय. लग्नसराई सुरू व्हायच्या आत कीबोर्डवाल्याकडून वाजवून घेतो.