अ‍ॅव्हरेज नक्की कोण देतं, अ‍ॅटकिन्सन की बॅटरी?

घाटमाथा:
हायब्रिड घेऊन दीड वर्ष झालं. शोरूममधला पोरगा 'अ‍ॅटकिन्सन सायकल'चा जप करत होता. माझ्या मते हे नुसतं नाव. गावात अ‍ॅव्हरेज मिळतं ते ब्रेक मारताना बॅटरी भरते म्हणून. इंजिन उलट मरतुकडं केलंय. १९९७ च्या पहिल्या प्रियसचं, म्हणजे टोयोटाच्या हायब्रिडचं, दीड लिटरचं इंजिन ५८ हॉर्सपॉवरचं होतं, त्याच घराण्यातलं साधं इंजिन शंभरी ओलांडायचं.

वाफाळ:
तुमची गाडी घरच्या प्लगवर चार्ज होते का? नाही ना? मग बॅटरीतला कणन् कण टाकीतल्या पेट्रोलचाच. हायवेवर एका वेगात ब्रेक तरी कुठे लागतो?
ओटो सायकलमध्ये, म्हणजे साध्या पेट्रोल इंजिनात, मिश्रण जेवढं दाबलं तेवढंच जळल्यावर फुगू देतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा वायूत दाब शिल्लक असतो, तो सायलेन्सरवाटे फुकट जातो. जेम्स अ‍ॅटकिन्सननं १८८० च्या दशकात यावर दांड्यांची किचकट जुळणी केली, त्यात ओटोच्या पेटंटला बगल देण्याचाही हेतू होता. आता ते काम व्हॉल्व्ह करतो. पिस्टन वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच, थोडं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे आत येण्याच्या नळीत. दाबायचं कमी, फुगायला मात्र पूर्ण जागा.

घाटमाथा:
म्हणजे १८०० सीसीचे पैसे मोजायचे आणि वापरायचं त्याहून कमी! मग ब्रोशरमधला १३:१ कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, कसला?

वाफाळ:
तो फुगण्याचा आकडा समजा. ओटोच्या आदर्श सूत्रात प्रमाण १० असलं की इंधनाच्या उष्णतेतली ६० टक्के कामी येते, १३ ला ६४.

तेलकट हात:
वाफाळ, ते ६४ कागदावरचे. २०१५ च्या प्रियससाठी टोयोटानं सांगितले ४० टक्के, तेही सर्वोत्तम बिंदूला. त्यात थंड करून परत फिरवलेल्या एक्झॉस्टचा आणि कमी केलेल्या घर्षणाचाही वाटा. पण घाटमाथा, तुम्ही एक विसरलात. साध्या इंजिनात कमी ताकद हवी की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, आवळतात, मग पिस्टनला हवा ओढायलाच दम लागतो. इथे ते ओझं बरंच हलकं होतं. आणि गेलेला पिकअप मोटर भरून काढते. इंजिन आणि मोटरचं लग्न आहे, घटस्फोट कशाला लावताय?

घाटमाथा:
पाच माणसं, सामान, ताम्हिणी. बॅटरी उतरली की इंजिन नावाची नवरी एकटीच किंचाळते.

वाफाळ:
मग अ‍ॅटकिन्सनमध्येच पंपानं बाहेरून हवा कोंबा, तीच मिलर सायकल. माझदानं १९९० च्या दशकात सुपरचार्जर, म्हणजे तो हवेचा पंप, लावून विकलीय.

घाटमाथा:
आणि ती गाडी आज तुमच्या सोसायटीत किती जणांकडे आहे?