सी लायब्ररीतली एरर नोंदवायची कुठं आणि कळवायची कशी? २५ नंबरनं वैताग आणलाय

काटेवाला_सी:
नमस्कार मंडळी. दूध संकलन केंद्रासाठी एक छोटी सी लायब्ररी लिहितोय, काम एवढंच की सिरीयल पोर्टवरून काट्याचं वजन आणि फॅट मशीनचं रीडिंग उचलायचं आणि वरच्या प्रोग्रामला द्यायचं. लिनक्स आहे, यूएसबीचा कन्व्हर्टर लावलाय. माझ्या टर्मिनलवरून चालवलं की झकास चालतं, पण तेच सिस्टमडीची (लिनक्समध्ये पाठीमागे प्रोग्राम चालवते ती) सर्व्हिस म्हणून लावलं की लॉगमध्ये येतं "पोर्ट उघडला नाही, एरर २५, इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस". आता बॉड रेट (पोर्टचा वेग) सेट करायला आतून आयओसीटीएलच (उपकरणाला हुकूम द्यायचा कॉल) लागतं, म्हणून मला वाटलं कन्व्हर्टरच बोगस निघाला. दोन केबल बदलल्या, कन्व्हर्टर नवा आणला, तरी परत २५.

दुसरा प्रश्न असा की सध्या माझी लायब्ररी एरर आली की स्वतःच एसटीडीएररवर (प्रोग्रामच्या एरर छापायच्या वाटेवर) छापते, काही ठिकाणी मायनस वन रिटर्न करते, आणि मेमरी मिळाली नाही तर सरळ एक्झिट मारते. एक ग्लोबल लास्ट_एरर स्ट्रिंगपण ठेवलीय. हे सगळं मिळून खिचडी झालीय हे मलापण कळतंय. धड पद्धत काय असते?

(फोनवरून टाइप करतोय त्यामुळे कोड असाच देवनागरीत, सांभाळून घ्या)

जुना_डीमन:
ओपन फेल झालं तर २ (फाइलच नाही), १३ (परमिशन नाही), १६ (उपकरण अडकलंय) असले नंबर यायला पाहिजेत. ओपनला २५ पटत नाही. तुझं लॉग फंक्शन आत काय करतं ते सांग आधी.

काटेवाला_सी:
विशेष काही नाही दादा. ओपन फेल झालं की लॉग फंक्शनला कॉल. त्यात पहिल्यांदा आयझॅटीटीवाय लावून बघतो की एसटीडीएरर टर्मिनल आहे का, असेल तर अक्षरं लाल करतो, मग वेळ छापतो, मग मेसेज आणि शेवटी एररनो (शेवटच्या एररचा नंबर) आणि त्याचा एसटीआरएरर (त्या नंबरचं वाक्य).

जुना_डीमन:
सापडला चोर. सर्व्हिस म्हणून चालताना एसटीडीएरर टर्मिनल नसतो, तो जर्नलकडे, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगकडे जातो. मग आयझॅटीटीवाय शून्य देतं आणि देता देता एररनो २५ करून ठेवतं. म्हणजे ओपननं दिलेली खरी एरर तुझ्या लाल रंगाच्या हौसेनं पुसली आणि तू छापतोयस ती आयझॅटीटीवायची. कन्व्हर्टरचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

एररनोचं असं आहे की तो फळ्यासारखा असतो, पुढचा येईल तो त्यावर लिहून जातो. लायब्ररीतलं कुठलंच फंक्शन तो शून्य करत नाही, पण यशस्वी झालेलं फंक्शनसुद्धा त्यात कचरा टाकून जाऊ शकतं. म्हणून कॉल फेल झाला हे रिटर्न व्हॅल्यूवरून कळल्यावरच एररनो बघायचा, आणि तोही ताबडतोब. लॉग फंक्शनच्या पहिल्या ओळीत इंट जपून = एररनो; आणि परत जायच्या आधी एररनो = जपून; छापायचं ते जपून मधलं. एरर आल्यावर साफसफाई करताना क्लोज किंवा फ्री मारत असशील तर तिथंपण हेच. जीलिबसीमध्ये (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३३ पासून फ्री एररनोला हात लावत नाही, पण केंद्रावरच्या जुन्या मशीनवर काय बसलंय कुणाला माहीत.

माझा अंदाज खरी एरर १३ असणार, परमिशन. सर्व्हिस कुठल्या युजरखाली चालते? तो डायलआउट ग्रुपात (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेला ग्रुप) आहे का बघ.

पॉइंटर_ताई:
दुसऱ्या प्रश्नावर मी लिहिते, जरा लांबेल.

आधी एक्झिट काढून टाक, आजच. वरच्या प्रोग्राममध्ये सकाळच्या पाळीच्या शंभर नोंदी अर्धवट असतील आणि तुझी लायब्ररी परस्पर दुकान बंद करून निघून जाणार, असं चालत नाही. जीएसएल, ती गणिताची लायब्ररी, तिचा मुळातला एरर हँडलर अबॉर्टच करतो, पण निदान तो बंद करायची सोय दिलीय त्यांनी.

एसटीडीएररवर छापणंही बंद कर, आणि हे नुसतं शिस्त म्हणून सांगत नाहीये. समज वरच्या प्रोग्रामनं डीमन (पाठीमागे चालणारा प्रोग्राम) होताना ०, १, २ हे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे नंबर, २ म्हणजे एसटीडीएरर) बंद केले. युनिक्समध्ये ओपन नेहमी रिकामा असलेला सगळ्यात लहान नंबर देतं, त्यामुळे पुढं उघडलेली डेटाबेसची फाइल नेमकी २ नंबरला जाऊन बसू शकते. मग तुझी लायब्ररी इमानदारीत "काटा उत्तर देत नाही" असं २ वर लिहिणार आणि ते जाणार थेट डेटाबेसच्या पोटात. ही कल्पनेतली भीती नाही, एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररी म्हणूनच आपली डेटाबेस फाइल ३ च्या खालच्या नंबरवर उघडू देत नाही.

ग्लोबल स्ट्रिंग पण नको. काटा एका थ्रेडवर (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी वेगळी वाट) आणि फॅट मशीन दुसऱ्या थ्रेडवर गेलं की फॅट मशीनची तक्रार काट्याच्या नावावर दिसेल. एररनो प्रत्येक थ्रेडला वेगळा असतो, तुझी ग्लोबल तशी नाही.

मग करायचं काय, तर मला पटलेली रीत अशी. प्रत्येक फंक्शन एक ईनम (नाव दिलेला आकडा) रिटर्न करतं, शून्य म्हणजे ठीक, बाकीचे तुझे स्वतःचे कोड, पोर्ट उघडला नाही, वेळेत उत्तर नाही, रीडिंग वाचता आलं नाही असे. हा कोड प्रोग्रामसाठी. माणसासाठीचा तपशील त्या उपकरणाच्या हँडलमध्येच (त्या उपकरणाची माहिती ठेवणारं स्ट्रक्चर) एका बफरमध्ये ठेव, सोबत सिस्टमचा एररनोपण जपून ठेव, आणि वाचायला एक फंक्शन दे. एसक्यूलाइट असंच करतं, मेसेज कनेक्शनकडे मागायचा. लिबकर्ल, ती नेटवरून डेटा आणायची लायब्ररी, तर वापरणाऱ्याकडूनच २५६ बाइटचा बफर घेते आणि त्यात लिहिते. आणि लॉगसाठी एक कॉलबॅक (वापरणाऱ्यानं दिलेलं, लायब्ररीनं बोलवायचं फंक्शन), लेव्हल आणि मेसेज देणारा, कुणी लावला नाही तर गप्प बसायचं. लाल रंग, तारीख, फाइल हे सगळं कॉलबॅकवाल्याची हौस, तुझी नाही :) फक्त कॉलबॅकमधून परत तुझ्याच लायब्ररीत शिरू नका असं हेडरमध्ये लिहून ठेव, नाहीतर म्युटेक्स (थ्रेडचं कुलूप) धरलेला असताना कुणीतरी अडकणारच.

एसटीआरएरर थ्रेडसाठी भरवशाचा नाही, एसटीआरएरर_आर घेशील. पण त्याचे दोन अवतार आहेत, पॉझिक्सवाला इंट देतो आणि जीएनयूवाला कॅरॅक्टर पॉइंटर, आणि जीएनयूवाला तुझ्या बफरमध्ये लिहीलच असं नाही. मी यात एक अख्खा दिवस घालवलाय, बफर रिकामा का म्हणून.

फक्त_एररनो:
ताईंचं बरोबर आहे पण चारशे ओळींच्या लायब्ररीला एवढा थाट कशाला? मायनस वन द्या, एररनो सेट करा, मॅन पेजमध्ये लिहा, संपलं. पन्नास वर्षं युनिक्स असंच चाललंय.

पॉइंटर_ताई:
चाललंय हो, पण काट्यानं अर्धीच ओळ पाठवली तर कुठला एररनो देणार? ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर)? केबल निघाली तरी ईआयओच. सेंटरवरच्या माणसाला वायर बघायची का काटा बंद करून चालू करायचा हे कसं कळणार?

फक्त_एररनो:
बरं, तेवढं मान्य. कॉलबॅक मात्र मला अजूनही जास्तच वाटतो.

मेमसेट:
एक राहिलं. वजन आकड्यात बदलायला काय वापरतोस? एटॉफ असेल तर आधी तो काढ. काट्यानं कचरा पाठवला तर एटॉफ निमूट ०.० देतो, एरर नाही काही नाही, आणि शेतकऱ्याच्या नावावर शून्य किलो दूध चढतं. इथं एरर नीट कळवायचा प्रश्नच येत नाही कारण ती कुणी पकडलीच नाही. एसटीआरटॉडी घे, आधी एररनो शून्य कर, नंतर एंड पॉइंटर पुढं सरकलाय का बघ. सरकला नसेल तर आकडा मिळालाच नाही. आकडा आवाक्याबाहेर असेल तर एररनो ईरेंज होतो, पण नुसत्या एररनोवर विसंबू नको, कचऱ्याच्या वेळी तो सेट होईलच असं नाही.

आणि लायब्ररीच्या मेसेजमध्ये मराठी घालू नको. लायब्ररीनं कोड द्यावा, मराठी वाक्य वरच्या प्रोग्रामनं. पहाटे साडेपाचला रांगेत कॅन घेऊन माणसं उभी असतात तेव्हा सचिवाला "काट्याची वायर तपासा" एवढंच पाहिजे असतं.

काटेवाला_सी:
मेमसेट भाऊ, एटॉफच होता :( बदलला.

अपडेट देतो. जपून वाली ओळ टाकली आणि सर्व्हिस परत चालू केली, आली ना १३, परमिशन डिनाइड. सर्व्हिसचा युजर डायलआउट ग्रुपात नव्हताच, माझा होता म्हणून टर्मिनलवर चालत होतं. ग्रुपात टाकला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, वजन यायला लागलं. जुना_डीमन दादा, तुमचे पाय कुठं आहेत?

ताई, ईनम आणि हँडलमधला बफर केलाय, एक्झिट तीन ठिकाणी होते, तिन्ही काढले. कॉलबॅकचं काम चालू आहे, लाल रंग आता डेमो प्रोग्राममध्ये हलवलाय, काढवत नव्हता. एक शंका, हँडल तयार करतानाच मेमरी मिळाली नाही तर मेसेज ठेवणार कुठं? हँडलच नाही.

पॉइंटर_ताई:
तिथं हँडल आउट पॅरामीटरमधून दे आणि रिटर्न व्हॅल्यू कोडच ठेव. मेमरी नाही हा कोड मिळाला की पुरे, त्याला वेगळा मेसेज लागत नाही. आणि मेसेज वाचायच्या फंक्शनला कुणी नल दिला तर क्रॅश होऊ नको, एक ठरलेली स्थिर स्ट्रिंग परत दे. एसक्यूलाइटपण नल दिल्यावर "आउट ऑफ मेमरी" म्हणतं.

काटेवाला_सी:
हे भारी आहे. करतो. तो नवा कन्व्हर्टर मात्र दुकानदार परत घेत नाहीये, पाकीट फोडलं म्हणतो. कुणाला पाहिजे असेल तर सांगा, अगदी ठणठणीत आहे.