मदत हवी आहे: बाबांचं जठर काढलंय, आता मुंग्या येतात आणि तोल जातो

मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. बाबा ६७ वर्षांचे, लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. २०२१ मधे कॅन्सरमुळे त्यांचं पूर्ण जठर काढलं. कॅन्सरच्या बाजूने सगळं क्लीअर आहे, दरवेळी स्कॅन नीट आला की आई पेढे आणायची आणि विषय संपायचा.

गेल्या दिवाळीपासून तळपायाला मुंग्या यायला लागल्या, शुगर बघितली तर नॉर्मल, म्हटलं वय झालं. मग चप्पल निसटलेली कळेना, एकदा एकाच पायात चप्पल घालून नाक्यावरून दूध घेऊन आले, सगळे हसले, आम्हीपण हसलो (आता आठवलं की कसंतरीच होतं). हल्ली म्हणतात गादीवरून चालल्यासारखं वाटतं. तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले की झोक जातो आणि रात्री कॉमन संडासला जाताना पॅसेजचा दिवा गेलेला असेल तर भिंत धरूनच.

वर्षभरापूर्वी अशक्तपणा होता तेव्हा डॉक्टरांनी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू केलं, हिमोग्लोबिन ८ चं १२ झालं, आम्ही खूश. बी-१२ आत्ता पहिल्यांदा केलं तर ९२ आलं, लॅबच्या कागदावर २०० च्या वर हवं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले माळकरी ना तुम्ही, मग कमीच असणार, दूध-पनीर वाढवा. आई रोज पनीर करतेय, बाबांचं चार घासात पोट भरतं, दोघं भांडतात. पण जठरच नाही तर पनीरमधलं बी-१२ अंगाला लागणार कसं? गोळ्या चालतील की इंजेक्शनच? आणि बाबा परत नीट चालतील का हो?

प्रतिसाद १
ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे. जठरात इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रोटीन तयार होतं, ते सोबत असलं तरच खाण्यातलं बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात नीट शोषलं जातं. लिव्हरमधला साठा काही वर्षं पुरतो म्हणून ऑपरेशनशी कोणी सांगड घालत नाही, माझ्या काकूचंही हेच झालं. फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारतं पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. डोळे मिटून पाय कुठेय हे कळणारी वायर मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने जाते, मार तिथे बसतो, म्हणून अंधारात झोक जातो. मोठ्या डोसच्या गोळीतला साधारण १ टक्का जठराशिवायही शोषला जातो, पण त्रास नसांपर्यंत गेलाय तर सुरुवात इंजेक्शननेच करतात, काकूला १००० मायक्रोग्रॅमची होती, आधी एक दिवसाआड, आता जन्मभर ठरावीक अंतराने. न्यूरोलॉजिस्टला याच आठवड्यात गाठा आणि तांबं पण तपासायचं का विचारा, ते कमी झालं तरी अगदी असंच होतं. काकूच्या मुंग्या चार महिन्यांत गेल्या, अंधारात काठी मात्र अजून लागते. जितका उशीर तितकं कमी परत येतं.

धागाकर्ती
खूप आभार. दादा उद्या पहाटेच केईएमला नंबर लावायला जातोय. फॉलिक अ‍ॅसिड आजपासून बंद करू का?

प्रतिसाद १
स्वतःहून काही बंद करू नका, पण गोळ्यांची पाकिटं आणि ऑपरेशनची फाईल घेऊन जा आणि जठर काढलंय हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि पॅसेजमधे आजच बल्ब लावा.