मदत हवी आहे: एलसीची (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची हमी) कागदपत्रं 'सादर झाली' असं नेमकं कधी धरतात?

उशिराचा_लतीफ

नमस्कार मंडळी. ट्रेड डेस्कवर (बँकेच्या आयात-निर्यात विभागात) काम केलेले काही जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून इथेच विचारतोय. जरा घाईचं आहे.

माल २३ सप्टेंबरला जहाजावर चढला, बीएलवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) ऑन बोर्डची तीच तारीख. एलसीची मुदत २० ऑक्टोबर. कागद शिपमेंटनंतर २१ दिवसांत द्यायचे, म्हणजे शेवटचा दिवस १४ ऑक्टोबर. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनमध्ये (माल कोणत्या देशाचा, याचा दाखला) खरेदीदाराच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त होऊन हातात पडेपर्यंत १४ तारखेची दुपार झाली. मी स्वतः गठ्ठा घेऊन आमच्या बँकेच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने पानं मोजली, माझ्या प्रतीवर १४ ऑक्टोबरचा इनवर्ड शिक्का मारला आणि खाली पेनने ४.१० लिहिलं.

पण बँकेचा ट्रेड विभाग वेगळ्या इमारतीत. तिथे कागद १५ला सकाळी पोचले आणि कव्हरिंग शेड्यूलवर (कागदांसोबत जाणाऱ्या बँकेच्या पत्रावर) १५ तारीख पडली. इश्यूइंग बँकेला (एलसी देणाऱ्या बँकेला) ते शुक्रवारी, १७ला मिळाले. २४ला नकार आला. डिस्क्रेपन्सी (त्रुटी) एकच: लेट प्रेझेंटेशन, म्हणजे कागद उशिरा सादर.

आमची बँक म्हणते ट्रेड डेस्कचा कट-ऑफ (कागद घ्यायची शेवटची वेळ) ३ वाजता असतो, त्यामुळे १५च बरोबर. खरेदीदार म्हणतो, डिस्क्रेपन्सी स्वीकारतो पण किमतीत सूट द्या. माझी तारीख कोणती, १४ की १५?

कागदी_घोडा

आम्ही तर कुरिअरची पावती दाखवतो. टपालात टाकलं की आपलं काम झालं, नाही का?

फाइलवाला

नाही हो, हा समज फार जणांना महागात पडलाय. यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) च्या कलम २ मध्ये प्रेझेंटेशन म्हणजे कागदपत्रं इश्यूइंग बँकेकडे किंवा नॉमिनेटेड (एलसीत त्यासाठी नेमलेल्या) बँकेकडे पोचती करणं. रवाना करणं नव्हे. कुरिअरवाला वाटेत दोन दिवस लोळला तर ते दोन दिवस तुमचे.

लतीफ, दोन गोष्टी बघून सांगा. एलसीच्या ४१ए किंवा ४१डी रकान्यात (एलसी कोणत्या बँकेकडे वापरायची, तो रकाना) काय आहे? आणि ३१डी मध्ये मुदतीच्या तारखेपुढे जागा कोणती लिहिली आहे? कलम ४१ इश्यूइंग बँकेचं नाव घेत असेल तर तुमची बँक नुसती पोस्टमन, आणि तुमचा शिक्का फ्रेम करून भिंतीवर लावा.

(दुरुस्ती: वर 'कलम ४१' लिहिलंय ते 'रकाना ४१' वाचा. यूसीपी ६०० मध्ये कलमं ३९च आहेत.)

उशिराचा_लतीफ

४१डी: एनी बँक, बाय निगोशिएशन (म्हणजे बँक कागद विकत घेऊन आगाऊ पैसे देते). ३१डी: २० ऑक्टोबर, पुढे बेनिफिशियरीचा, म्हणजे आमचा, देश. शाखेचा किंवा ट्रेड विभागाचा पत्ता कुठेच नाही. आणि आमच्या बँकेने निगोशिएट केलेलं नाही, फक्त कागद पुढे पाठवले. त्याने फरक पडतो का?

फाइलवाला

मग तुमची बाजू बरीच भक्कम आहे. 'एनी बँक' असेल तर कोणतीही बँक नॉमिनेटेड, म्हणजे तुमचीही. तिने पैसे दिले नाहीत हा तिचा हक्क आहे. कन्फर्म केलेलं (स्वतःची हमी जोडलेली) नसेल तर नॉमिनेशनमुळे पैसे देण्याचं बंधन येत नाही. पण कागद तिच्याकडे कोणत्या दिवशी आले, हे त्याने बदलत नाही.

आता शाखा विरुद्ध ट्रेड विभाग. एकाच देशातल्या दोन शाखांना यूसीपी वेगळ्या बँका मानत नाही, ते फक्त वेगवेगळ्या देशांतल्या शाखांसाठी आहे. एलसीत ठरावीक कार्यालयाचा पत्ता असता तर मी वेगळं बोललो असतो.

कट-ऑफचं म्हणाल तर कलम ३३ एवढंच म्हणतं की बँकिंग वेळेबाहेर कागद स्वीकारायला बँक बांधील नाही. शाखा त्या दिवशी किती वाजेपर्यंत उघडी होती?

उशिराचा_लतीफ

५ पर्यंत. माझ्या मागे रांगेत अजून चार जण होते.

फाइलवाला

मग कट-ऑफ हा त्यांच्या घरातला मामला. तो त्यांनी आपसात मिटवावा. बँक उघडी होती, कागद घेतले, शिक्का दिला. माझ्या मते तारीख १४.

शिक्कामोर्तब

फाइलवाल्यांशी सहमत, पण इश्यूइंग बँकेवर चिडू नका. तिच्यासमोर १५ तारखेचं शेड्यूल आहे, आत कुठेही १४ नाही. तिने काय समजायचं? मी त्या बाजूला बसून असे कितीतरी नकार लिहिले आहेत.

आणि नकाराला उशीर झाला म्हणून सुटाल असं वाटत असेल तर तेही नाही. कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच बँकिंग दिवस. १७ला शुक्रवार, शनिवार-रविवार त्यांच्याकडे बंद असतील तर सोमवार पहिला आणि २४ तारखेचा शुक्रवार पाचवा. वेळेत आहे.

उपाय एकच. तुमच्या बँकेने स्विफ्टने (बँकांच्या संदेशजाळ्यातून), एमटी ७९९ (मोकळ्या मजकुराचा संदेश) करून, स्पष्ट कळवायचं की कागदपत्रं आमच्याकडे १४ ऑक्टोबरला सादर झाली, १५ ही फक्त शेड्यूल तयार झाल्याची तारीख आहे, सबब डिस्क्रेपन्सी मान्य नाही. हे तुमच्या लेटरहेडवरून गेलं तर कोणी ढुंकून बघणार नाही, बँकेकडूनच जायला हवं. आणि तोवर खरेदीदाराशी किमतीतल्या सवलतीबद्दल एक अक्षर बोलू नका. सूट कबूल केलीत की उशीर तुम्हीच मान्य केल्यासारखं दिसतं.

कागदी_घोडा

अवांतर: समजा १४ला बँकेला सुट्टीच असती तर?

शिक्कामोर्तब

कलम २९. मुदत किंवा सादर करायचा शेवटचा दिवस सुट्टीच्या दिवशी आला तर पुढच्या बँकिंग दिवसापर्यंत सरकतो, आणि तसं नॉमिनेटेड बँकेने कव्हरिंग शेड्यूलवर लिहायचं असतं. शिपमेंटची शेवटची तारीख मात्र सरकत नाही. संप, दंगल, पूर यांनी बँक बंद पडली तर ते कलम ३६, तिथे ही सवलत नाही.

उशिराचा_लतीफ

अपडेट देतोय. सकाळी शाखेत जाऊन इनवर्ड रजिस्टर काढायला लावलं. १४ तारखेची नोंद सापडली, माझ्या आधी एका चेकबुकाच्या अर्जाची आणि नंतर कोणाच्या तरी पत्ता बदलाची. मॅनेजरांनी त्याचा फोटो ट्रेड विभागाला पाठवला. तिथल्या बाई आधी कट-ऑफचंच पालुपद लावून होत्या, 'बँकिंग अवर्स असं लिहिलंय, कट-ऑफ नाही' म्हटल्यावर कलम उघडून दोनदा वाचलं. दुपारी ७९९ गेला, प्रत माझ्याकडे आहे. खरेदीदाराचे दोन मिस्ड कॉल आहेत, अजून उचललेले नाहीत.

फाइलवाला

उचलू नका. आणि पुढच्या वेळी शेड्यूल रवाना होण्याआधी त्यावरची तारीख स्वतः वाचून घ्या.