ताऱ्यांचं गाणं की आकड्यांना चिकटवलेले सूर?

सांजधून
‘कृष्णविवराचा आवाज ऐका’ असे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर येत राहतात आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मला त्यांचा त्रास होतो. का होतो ते मांडते, मतभेद असतील तर जरूर लिहा.

त्यातला सगळ्यात गाजलेला २०२२ चा, पर्सियस दीर्घिकासमूहाच्या मध्यावरच्या कृष्णविवराचा. तिथल्या तप्त वायूत दाबाच्या लाटा खरोखर आहेत. चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २००३ मध्ये त्या कळल्या. पण त्यातल्या एका आवर्तनाला लागतात सुमारे एक कोटी वर्षं! आपल्या कानांपर्यंत आणायला तो ‘आवाज’ ५७ आणि ५८ सप्तकं वर चढवला. गवई तीन सप्तकांत फिरला तर आपण धन्य होतो. ५७ सप्तकांनंतर मूळ गोष्टीचं काय शिल्लक राहतं?

चित्रांचं तर विचारूच नका. दुर्बिणीचं चित्र एका बाजूकडून दुसरीकडे वाचत जायचं, वरच्या ठिपक्याला वरचा सूर, तेजस्वी ठिपक्याला मोठा आवाज. सूर कुठले, वाद्य कुठलं, हे माणसाने ठरवलेलं, आणि कानाला गोड लागेल असंच ठरवलेलं. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, विश्वच सुरेल आहे.

याउलट फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझे यांची ‘ल न्वार द लेत्वाल’ ही तासाभराची रचना घ्या. १९९१ मध्ये ब्रुसेल्सला पहिल्यांदा झाली. श्रोत्यांच्या भोवती सहा तालवादक, आणि मध्येच सभागृहात पल्सारचे, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक अंतराने रेडिओ ठोके पाठवणाऱ्या मृत ताऱ्याचे, ठोके येतात. व्हेला पल्सारचे मुद्रित, आणि दुसऱ्या एका पल्सारचे, ०३२९+५४ चे, फ्रान्समधल्या नांसे इथल्या रेडिओ दुर्बिणीकडून त्या क्षणी येणारे. ग्रिझेने त्या ठोक्यांना सजवलं नाही. ते जसे आहेत तसे राहू दिले आणि माणसांचं वादन त्यांच्या भोवती उभं केलं. माझ्या लेखी हे संगीत. बाकीचं आकड्यांना सूर चिकटवणं.

खोडद_रोड
रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर काम केलंय म्हणून लिहितो. ‘जसे आहेत तसे’ हे मला मान्य नाही.

पल्सारकडून आवाज येत नाही, रेडिओलहरी येतात. त्यांची तीव्रता मोजून आपण ती स्पीकरला देतो. शिवाय वाटेत ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. दुरुस्ती केली नाही तर प्रत्येक ठोका वरून खाली घसरत येतो, अगदी मींड घेतल्यासारखा. ती मींड आम्ही गणिताने काढून टाकतो, म्हणून तुम्हाला ‘टक’ ऐकू येतं. बहुतेक पल्सार इतके क्षीण असतात की हजारो ठोके एकावर एक रचावे लागतात, तेव्हा कुठे एक आकार दिसतो. ग्रिझेने निवडलेले दोन्ही आकाशातले ठळक, म्हणून त्याचं जमलं.

म्हणजे निवड इथेही माणसाचीच. चित्राला सूर देणारा खोटा आणि पल्सारला स्पीकर देणारा खरा, ही विभागणी टिकत नाही.

सांजधून
दादा, मींड काढल्यावर दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं का? ०३२९+५४ चा आवर्तनकाळ ०.७१४ सेकंद. सभागृहातही ०.७१४ सेकंदच. पर्सियसचा काळ मात्र एक कोटी वर्षांवरून सेकंदाच्या तुकड्यावर आला. संगीत काळात घडतं. काळच बदलला तर ती वस्तू दुसरी झाली.

धिरधिर
मी तबला शिकवतो. सांजधूनताईंच्या बाजूचा आहे, पण एक गोष्ट सुटतेय.

०.७१४ सेकंद म्हणजे मिनिटाला ८४ ठोके. चांगली बसकी मध्यलय. व्हेला सेकंदाला साधारण ११, हा रेल्याचा, म्हणजे जलद बोलांच्या सलग वादनाचा वेग. हात तयार असेल तर त्याच्याबरोबर वाजवता येतं. क्रॅब पल्सार सेकंदाला ३०, आणि तिथे ठोके सुटे ऐकू येणं थांबतं, एक खर्जातली घरघर सुरू होते. पुढे सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा १९३७+२१ आहे. १९८२ मध्ये तो सापडला, आणि शोधणाऱ्यांत आपल्या कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा ते विद्यार्थी होते. तो तर सरळ सूर आहे. पेटीवर शोधायला गेलात तर कुठल्याच पट्टीत नीट बसत नाही, वरच्या सप्तकात काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. पण आपल्याला पेटी कशाला हवी? तानपुरा त्याच्यावर जुळवायचा आणि तोच षड्ज मानायचा. लय वाढत वाढत सूर होते, हे मी विद्यार्थ्यांना तोंडाने सांगत आलोय. पल्सारमध्ये ते समोर ऐकू येतं.

तरीही पल्सारजवळ लय आहे, ताल नाही. सम कुठे? खाली-भरी कुठे? ०३२९ चा प्रत्येक ठोका कमी-जास्त वजनाचा असतो, म्हणून क्षणभर वाटतं की आवर्तन सापडलं. सापडत नाही. ताल माणसाने आणायचा असतो. ग्रिझेच्या रचनेत मला तारा ‘वाजवतोय’ असं कधीच वाटलं नाही. तो टाळकऱ्यासारखा एका जागी उभा आहे, आणि बाकीच्यांनी त्याला धरून काय करायचं ते करावं.

निळी_शाई
तिघांचंही वाचलं. तिघंही डोळस माणसांच्या जागेवरून बोलताय.

वांडा डियाझ-मर्सेड या प्वेर्तो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ. शिकत असताना दृष्टी गेली. आलेख दिसेनासे झाले तेव्हा त्यांनी आकड्यांचं ध्वनीत रूपांतर करून संशोधन चालू ठेवलं. आकडे कानाने वाचायचे. ज्याला सांजधून ‘चिकटवणं’ म्हणतात त्यावर कुणाचं तरी काम उभं आहे.

मी दृष्टिहीन मुलांच्या वर्गात ते चित्रांचे ध्वनी ऐकवले आहेत. आकाशगंगेचा मध्यभाग येतो तेव्हा आवाज दाटत जातो आणि पुढे विरतो. एका मुलीने विचारलं, “म्हणजे मध्ये गर्दी आहे?” हो, मध्ये गर्दी आहे. कुणी तिला ते शब्दांत सांगितलं असेलही, पण तिला ते स्वतःहून कळलं. ते सूर गोड आहेत यावर तुमचा राग आहे. कर्कश असते तर वर्गातलं कुणी दुसऱ्यांदा ऐकलं नसतं.

सांजधून
निळी शाई, नकाशा म्हणून ते उत्तमच आहे आणि प्रत्येक शाळेत असावं. माझा विरोध त्याला मैफलीत बसवण्याला आहे.

व्हायोलिनची_पेटी
इंग्लंडमधून लिहितेय. इथे शाळेच्या वाद्यवृंदात प्रत्येकाला इंग्रज संगीतकार होल्स्टचे ‘ग्रह’ वाजवावेच लागतात. १९१४ ते १९१६ मधली रचना. तिच्यात खगोलशास्त्राचा एक आकडा नाही. मंगळ युद्ध आणतो, शुक्र शांती आणतो, सगळं फलज्योतिषातलं. पृथ्वीला जागा नाही, आणि प्लूटो तर १९३० मध्ये सापडला. सांजधूनताईंची ‘खरा काळ’ ही कसोटी लावली तर ही रचना पहिल्या फेरीत बाद.

पण नेपच्यूनचा शेवट ऐका. बायकांचा समूह रंगमंचाबाहेर, दुसऱ्या खोलीत गातो, आणि तिथलं दार हळूहळू बंद करत नेतात. सूर कुठे संपला ते सांगता येत नाही. अवकाश किती दूरवर पसरलंय हे मला कुठल्याही डेटाने इतकं जाणवून दिलं नाही. याच माणसाने ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली देता याव्यात म्हणून संस्कृत शिकून घेतलं होतं. आकाशाकडे जायचा त्याचा रस्ता वेगळा होता, एवढंच.

आणि फार मागे जायचं तर खगोलशास्त्रज्ञ केप्लर. १६१९ च्या ग्रंथात त्याने प्रत्येक ग्रहाला सूर दिले, सूर्याजवळचा वेग आणि सूर्यापासून दूरचा वेग यांच्या गुणोत्तरावरून. पृथ्वीच्या वाट्याला जेमतेम अर्ध्या सुराचं अंतर आलं. ग्रहगतीचा तिसरा नियम त्याच ग्रंथात आहे. सूर चिकटवता चिकटवताच सापडला की!

खोडद_रोड
केप्लरला नमस्कार. होल्स्टबद्दल मात्र माझा ठाम विरोध नोंदवतो. मंगळ म्हणजे युद्ध हे सुंदर वाद्यमेळात घालून दिलं तरी ते चुकीचंच राहतं. नारळीकर सरांनी २००८ मध्ये पुण्यात ज्योतिषांची चाचणी घेतली, पत्रिकेवरून हुशार मूल ओळखण्याचा दावा नाणेफेकीइतकाही टिकला नाही. आपल्याकडे मंगळाच्या नावाने अजून मुलींची लग्नं अडतात. तिकडे ही रचना निरुपद्रवी असेल, इथल्या शाळेत वाजवताना शिक्षकाने दोन वाक्यं बोललीच पाहिजेत.

व्हायोलिनची_पेटी
शिक्षकाने बोलावं, जरूर बोलावं. रचना मात्र पूर्ण वाजवू द्या.

सांजधून
होल्स्ट मला आवडतो. माझ्या कसोटीत तो बसतो, कारण तिथे माणूस स्वतःच्या नावाने बोलतोय, ‘हे ग्रह गातायत’ असं सांगत नाही.

ग्रिझेबद्दल मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते अजून लिहिलंच नाही. थेट ठोके हवेत तर पल्सार नांसेच्या दुर्बिणीसमोरून जाईल तेव्हाच कार्यक्रम करावा लागतो. दिवस आणि वेळ तारा ठरवतो. हे वाचलं तेव्हा मला आपले समयाचे राग आठवले. भैरव सकाळचा, मारवा सूर्यास्ताचा, दरबारी मध्यरात्रीचा. सूर्य कुठे आहे त्यावर काय गायचं ते ठरतं, इतका थेट आकाशाशी बांधलेला व्यवहार जगात फार थोड्या संगीतांत असेल. आणि आपण तो सोडत चाललोय. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद, सवाई गंधर्वची रात्रभराची बैठक गेली. लोकांच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे. पण मध्यरात्रीचे राग मध्यरात्री ऐकलेली पिढी आता संपत चालली आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलतही नाही. सवाईच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला, पुण्यात ०३२९+५४ सर्वांत उंचावर येतो रात्री साडेदहाच्या आसपास. मी हिशेब करून पाहिला.

खोडद_रोड
हिशेब बरोबर आहे, पण अडचण नाही. नांसेची दुर्बीण तारा मध्यमंडलाजवळ, म्हणजे सर्वांत उंचावर असतानाच थोडा वेळ पाहू शकते. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटरची, हव्या तिकडे वळतात. हा पल्सार उत्तरेकडचा, कितीतरी तास वर असतो. डिसेंबरमध्ये संध्याकाळी सातलाही पकडता येईल. ताऱ्याची वेळ पाळण्याची सक्ती आता उरलेली नाही.

धिरधिर
मग खोडदजवळच का करू नये? खोडदहून नारायणगाव किती जवळ! विठाबाईंचं गाव, तमाशाची पंढरी. पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात. भारतातली सगळ्यात कसलेली ढोलकी तिथे वाजते, आणि शेजारी जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण पल्सार मोजत बसलेली असते. ८४ च्या लयीवर ढोलकीचं आवर्तन बांधायचं, व्हेलाच्या ११ वर तोडे. सम आपली, लय ताऱ्याची.

खोडद_रोड
कल्पना फार आवडली. पण तबकड्यांजवळ नाही. मोबाईल, माइक, जनरेटर, सगळ्यांचा निरीक्षणांना उपद्रव होतो. कार्यक्रम नारायणगावात करा आणि मुद्रित डेटा वापरा. सिग्नल तिथून निघून हजारो वर्षं झाली, त्यात आठवडाभर डिस्कवर थांबला तर काय बिघडलं?

सांजधून
खूप बिघडलं. मुद्रित ठोका किती जोराचा येणार हे वादकाला तालमीत पाठ होतं. थेट येणारा मध्येच क्षीण होतो, त्या दिवशी आलाच नाही असंही होऊ शकतं. त्या धास्तीत ढोलकीवाला वेगळं वाजवेल.

निळी_शाई
ताई, केरीच्या गायिका केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर गेली ती मुद्रितच. जुनी तबकडी, साडेतीन मिनिटं. त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. ती भैरवी खरी नाही, असं तुम्ही म्हणाल का?

सांजधून
नाही म्हणणार. पण ती तबकडी भरताना बाई समोर बसून गायल्या होत्या, पुढची तान कशी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. नारायणगावच्या ढोलकीवाल्यालाही ते मिळायला हवं. एक रात्र थेट सिग्नल मागून बघू. वेळ मिळण्यासाठी अर्ज कसा करतात ते खोडद रोड, तुम्ही इथे लिहाल का?