आषाढीची शासकीय महापूजा: राज्याने विठ्ठलाच्या पूजेला बसावं का?

वाळवंट:

आमच्या घरात आजोबांपासून वारी आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना 'हिला देवाचं वावडं दिसतंय' असं कुणाला वाटायला नको.

आषाढी एकादशीच्या पहाटे, अडीचच्या सुमारास, मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा करतात. ही प्रथा बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. मुख्यमंत्र्यांनी पंढरपूरला जरूर यावं, वाळवंटात कीर्तनाला बसावं, हवं तर चार मैल दिंडीत चालावं. पण शासन म्हणून पूजेला बसू नये. पूजा माणूस करतो. शासन जितकं माझं आहे तितकंच ते मालेगावच्या यंत्रमाग कामगाराचं, वसईच्या ख्रिस्ती वाडीवाल्याचं आणि कुठलाच देव न मानणाऱ्याचंही आहे. त्या सगळ्यांच्या वतीने संकल्प कसा सोडायचा?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. १९४७ साली सरदार पटेल आणि आपले काकासाहेब गाडगीळ यांनी सोमनाथ पुन्हा उभारायचं ठरवलं, तेव्हा गांधीजींनी सांगितलं की पैसा सरकारी तिजोरीतून नको, लोकांकडून गोळा करा. मग त्यासाठी ट्रस्ट झाला. गांधीजींइतका रामनाम घेणारा माणूस हे सांगतो, तेव्हा त्यात देवाची अवहेलना नसते.

दोन वर्षांपूर्वी मी आईबरोबर दर्शनबारीत होते. रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली. मध्यरात्रीनंतर रांग थांबली. आई पिशवीवर टेकली आणि म्हणाली, "राजाची पूजा चाललीय, थांबू की." तिची काहीच तक्रार नव्हती. पण तो 'राजा' शब्द माझ्या डोक्यातून अजून जात नाही. लोकशाहीत आईच्या तोंडी हा शब्द कुठून आला?

तुळशीमाळ:

ताई, तुमचा भाव खरा आहे म्हणून रागावत नाही, पण तुमचं म्हणणं अजिबात पटलं नाही.

वर्षभर ज्याच्यापुढे सगळे वाकतात तो माणूस त्या पहाटे विटेवरच्या सावळ्यापुढे वाकतो. आणि शेजारी कोण असतं? दर्शनबारीतलं मानाचं वारकरी जोडपं. बहुतेकदा शेतकरीच असतात. मुख्यमंत्री आणि एक शेतकरी एकाच गाभाऱ्यात, एकाच पूजेला. यात राजा कुठे दिसला तुम्हाला? मला तर राजेपण गळून पडलेलं दिसतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी नेमका हाच आक्षेप घेतला होता आणि एक वर्ष शासकीय पूजा झाली नाही. पाठोपाठ ७२चा दुष्काळ आला. देव कोपला असं मी म्हणत नाही, आमचा विठोबा कोपणारा नाही. पण लोकांना ते लागलं, आणि वसंतराव नाईकांच्या काळात पूजा पुन्हा सुरू झाली. लोकांच्या मनातलं ओळखणं हेही लोकशाहीतच बसतं ना?

सनद:

घटनेत काय आहे ते थोडक्यात, कारण या चर्चेत दोन्ही बाजूंनी 'धर्मनिरपेक्ष' शब्द सैल वापरला जातो.

आपल्या राज्यघटनेने धर्म आणि शासन यांच्यामध्ये फ्रान्ससारखी भिंत बांधलेली नाही. कलम २७ म्हणतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. पण कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतानाच धर्माशी निगडित आर्थिक व्यवहारांचं नियमन करण्याची आणि हिंदूंची सार्वजनिक देवळं सर्व हिंदूंना खुली करण्याची मुभाही राज्याला देतं. कलम २९० क तर केरळने त्रावणकोर देवस्वम निधीला दरवर्षी साडेशेहेचाळीस लाख रुपये द्यावेत असं सांगतं, तेही घटनेतच. म्हणजे आपलं राज्य देवळाच्या दारात उभं आहे हे मान्यच करावं लागेल. त्याने चौकट ओलांडून गाभाऱ्यात जावं का, हा वाद आहे. मुख्यमंत्र्याने पूजा करू नये असं घटनेत स्पष्ट कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे कायद्यापेक्षा औचित्याचा प्रश्न म्हणून हे बोलायला हवं, आणि औचित्य बघितलं तर मी धागाकर्तीच्या बाजूने.

भक्ताचा हक्क:

पूजा बंद करा, माझी हरकत नाही. पण मग अर्ध्यावर थांबू नका. १९७३चा पंढरपूर मंदिरे कायदाही रद्द करा आणि सरकारला देवळातून पूर्ण बाहेर काढा. मंदिर समितीवर कोण बसणार ते सरकार ठरवतं. शिर्डी संस्थानाने २०१८ साली निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी ५०० कोटींचं बिनव्याजी कर्ज मंजूर केलं. कालवे हवेतच, मी स्वतः त्या भागातला आहे. पण कालवे बांधायला कर आहेत. बाबांच्या झोळीत टाकलेला रुपया कालव्यासाठी टाकलेला नसतो. धर्माने राज्यात लुडबुड करायची नाही आणि राज्याने मात्र धर्माची पेटी हाताळायची, हे वेगळेपण एकतर्फी झालं. १९७३च्या कायद्याला सुब्रमण्यम स्वामींनी उच्च न्यायालयात आव्हान दिलंय, ते योग्यच केलं.

पायरीपाशी:

वरचं वाचून गप्प बसवत नाही.

'देऊळ भक्तांना द्या' म्हणता, कोणत्या भक्तांना? देऊळ शतकानुशतकं सरकारकडे नव्हतंच. बडवे आणि उत्पात या वंशपरंपरागत पुजाऱ्यांकडे होतं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, नामदेव पायरीसमोर. तो माणूस आत का गेला नाही हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. माझी पणजी पंढरपूरला यायची ती कळसाला हात जोडून परत जायची. तिने मूर्ती पाहिली ती १९४७ नंतर. त्या वर्षी १ मेपासून साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, दहा दिवस, आणि मग दार उघडलं. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. पुढे १९७३चा कायदा आला, तोही कोर्टकचेऱ्यांत अडकला आणि बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क कायमचे संपले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने. मग समितीने पुजाऱ्यांसाठी सगळ्या जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. हे राज्य मध्ये पडलं नसतं तर झालं असतं का?

राज्य आणि धर्म वेगळे करा म्हणणं सोपं असतं, ज्यांच्यासाठी दार आधीपासून उघडं होतं त्यांना.

भक्ताचा हक्क:

पायरीपाशी, तुमच्या पणजीबद्दल वाचून मान खाली गेली. त्यावर वाद घालणार नाही. पण तुम्हीच लिहिलंय बघा: दार उघडलं ते उपोषणाने, कायदा नंतर आला. समाज बदलला म्हणून राज्य बदललं. आज वारकऱ्यांनी निवडलेली समिती नेमली तर ती पुन्हा कुणाला पायरीवर उभी करेल असं वाटतं का तुम्हाला?

पायरीपाशी:

हो, वाटतं. कागदावर हक्क असला की कुणाच्या मनावर विसंबावं लागत नाही. शनिशिंगणापूरला बायकांना चौथऱ्यावर जायला २०१६ उजाडलं. देवळात जायचा हक्क देणारा कायदा १९५६पासून होता, तरी तो पाळला जावा म्हणून उच्च न्यायालयात जावं लागलं. कायदा असून ही गत, तर नसताना काय?

लेस्टरकर:

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे तर राजाच चर्चचा प्रमुख आहे आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये २६ बिशप बसतात. तरी आमच्या गावातल्या देवळाला किंवा मशिदीला त्याचा जाच होत नाही. कागदावरची जोडणी तेवढी वाईट नसते, असा माझा अनुभव.

वाळवंट:

लेस्टरकर, जाच होत नाही हे पुरेसं आहे का? तुमच्या देवळाच्या वतीने तिथे कुणी बसत नाही, हेही खरंच ना?

पायरीपाशी, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या मुद्द्याला ते छेद देत नाही. राज्याने दार उघडं ठेवावं, हिशेब तपासावा, पुजाऱ्याची जात विचारू देऊ नये. ही दाराशी उभं राहायची कामं, सनद म्हणाले तशी. मी बोलतेय ते पाटावर बसण्याबद्दल. ज्या राज्याने तुमच्या पणजीला आत नेलं ते राज्य स्वतःच यजमान झालं, की उद्या दुसऱ्या कुणासाठी दार उघडताना त्याचा हात आखडेल. मला भीती त्याची आहे.

तुळशीमाळ, तुमच्या 'राजेपण गळतं' या वाक्यावर रात्रभर विचार केला. २०१८ साली मराठा आंदोलनामुळे मुख्यमंत्री पंढरपूरला गेले नाहीत, त्यांनी घरीच पूजा केली. गाभाऱ्यातली पूजा मानाच्या वारकरी जोडप्याने केली, हिंगोलीकडचं शेतकरी जोडपं. विठोबाचं काही अडलं का?

तुळशीमाळ:

विठोबाचं कधीच काही अडत नाही, ताई. पण त्या वर्षी मुख्यमंत्री आले नाहीत ते तुमच्या तत्त्वासाठी नव्हे, पंढरपुरात तेव्हा तणाव होता म्हणून. त्याला दाखला म्हणू नका. मात्र त्या जोडप्याचा फोटो मीही कापून ठेवलाय, आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे. उद्या कुणी म्हणालं की दरवर्षी तेच दोघं पूजा करतील आणि मुख्यमंत्री मागे हात जोडून उभे राहतील, तर मी विरोध करणार नाही. पण त्यांनी तिथे उभं राहावं एवढं मी धरून बसणार.

वाळवंट:

उभे राहिले तर राहू देत. पण बाहेरची रांग चालू ठेवून.